गप्प बसणे म्हणजे संमती नव्हे



आमच्या घरात रेल्वे आणि पोस्ट दोन्ही नांदली. मी इटारसीच्या पार्सल ऑफिसात एकतीस वर्षे काढली, आणि सौभाग्यवती पोस्टाच्या काउंटरवरून निवृत्त झाली. पैशाच्या बाबतीत आम्हाला दोनच गोष्टी ठाऊक होत्या: पगारातून होणारी सोसायटीची कपात आणि पोस्टाचे पासबुक. बँक म्हणजे पगार, आणि आता पेन्शन, जमा होण्याची जागा. पैसे ठेवण्याबद्दल कुणी आपल्याकडून पैसे मागेल, हा विचार कधी मनाला शिवला नव्हता. भाची जर्मनीला गेली तेव्हा तो शिवला.

भाची भुसावळची. तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, लोको शेडमध्ये फिटर होते. मुलगी नर्सिंग शिकली, जर्मन भाषेच्या परीक्षा दिल्या आणि श्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात रुजू झाली. श्टुटगार्ट ही बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याची राजधानी. याच राज्याशी महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. आमची भाची त्या करारातून गेलेली नाही, रुग्णालयाने तिला परस्पर बोलावले. पण आज रेल्वे कॉलनीत आणि पोस्टल क्वार्टर्समध्ये संध्याकाळी जर्मन शब्द पाठ करणारी पोरे दिसतात. म्हणून हा आमच्या एकट्या घरचा किस्सा राहिलेला नाही.

पहिल्या पगारानंतर तिचा फोन आला. म्हणाली, "मामा, इथं पासबुक नाही. आणि पैसे ठेवायचे पैसे घेतात!"

मी तिला खात्याचा उतारा वाचायला सांगितला आणि इकडे कागदावर उतरवून घेतला. पार्सल क्लार्कची जुनी खोड, बिल्टी लिहिल्याशिवाय नग हलत नाही. खाते ठेवल्याचे मासिक शुल्क ६.९० युरो. दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून दोनदा पैसे काढले, दर वेळी ४.९५. घरभाडे पाठवताना ऑनलाइन जमेना म्हणून काउंटरवर कागदी फॉर्म दिला, त्याचे २.५०. व्यवहारासाठी मोबाइलवर येणाऱ्या प्रत्येक सांकेतिक क्रमांकाचे ९ सेंट, असे दहा. बेरीज २०.२० युरो. ढोबळमानाने शंभर रुपयांचा युरो धरला तर दोन हजार रुपये, एका महिन्याचे. कर्ज नाही, दंड नाही, चेक परत गेलेला नाही. नुसते खाते वापरल्याबद्दल.

"ही बँक निवडलीस कशी?" मी विचारले. उत्तर अगदी सरळ होते. रुग्णालयाच्या फाटकासमोर होती म्हणून.

तिच्याच वॉर्डात केरळची एक नर्स आहे. पगार तोच, पाळीही तीच. तिच्या खात्याला मासिक शुल्क शून्य. हे कळल्यावर भाचीला वाटले की आपण फसलो. मलाही आधी तसेच वाटले. पण सौभाग्यवतीने दोघांना थांबवले. चौतीस वर्षे पोस्टाच्या जाळीमागे बसलेल्या बाईला खातेदार नुसता बघून ओळखता येतो. तिने विचारले, "तू महिन्याला रोख किती वेळा काढतेस? पगार दर महिन्याला त्याच खात्यात येणार का? पगाराआधी खाते उणे जाते का?" मग लक्षात आले की तुलना एका आकड्याची नसते. त्या शून्य शुल्काच्या खात्याला शाखाच नव्हती, सगळे मोबाइलवर. महिन्याला ठरलेली रक्कम जमा झाली तरच शून्य, नाही तर शुल्क चालू. रोख भरायची तर खटपट.

तिकडे रोख काढण्याचीही एक भौगोलिक गंमत आहे. सार्वजनिक बचत बँकांच्या एटीएमचे एक जाळे, सहकारी बँकांचे दुसरे, मोठ्या खाजगी बँकांचे तिसरे. आपल्या जाळ्यात काढले तर बहुधा फुकट. जाळ्याबाहेर गेलात की जिचे यंत्र ती बँक मनाला येईल तो दर लावते, तो आधी पडद्यावर दाखवते, आणि रात्रपाळीहून घरी चाललेला माणूस 'हो' दाबतो. त्यामुळे आधी घराजवळ आणि कामाजवळ कोणाचे यंत्र आहे ते पाहायचे, मग बँक. आणि खाते उणे गेले तर त्यावरचे व्याज दहा टक्क्यांच्या पुढे जाते. नव्या माणसाचे पहिल्या दोन महिन्यांत भाडे, अनामत, प्रवास यात खाते उणे जातेच. मासिक शुल्क वाचवायला गेलेला इथे दुप्पट देतो.

हे सगळे आम्ही इटारसीत बसून समजून घेऊ शकलो, याचे श्रेय आमच्या हुशारीला नाही. ३१ ऑक्टोबर २०१८ पासून तिकडे कायदाच आहे. प्रत्येक बँकेने खाते उघडण्याआधी शुल्काचा तक्ता द्यायचा, ठराविक नमुन्यात, ठराविक शब्दांत. एका बँकेने 'सेवा आकार' म्हणायचे आणि दुसरीने 'देखभाल खर्च', हे चालत नाही. शिवाय वर्षाकाठी प्रत्यक्षात किती कापले त्याचा हिशोब खातेदाराला द्यायचा, तोही फुकट. जानेवारी २०२५ पासून तिथल्या सरकारी वित्तीय नियामकाने, बाफिनने, सगळ्या बँकांच्या खात्यांची तुलना एका ठिकाणी विनामूल्य उपलब्ध करून दिली आहे. एका रविवारी भाचीने दोन बँकांचे तक्ते पाठवले आणि आम्ही ते ओळीला ओळ लावून पाहिले. भाषा येत नसताना! शब्द दोन्हीकडे तेच, म्हणून जमले.

आणखी दोन गोष्टी जाणाऱ्यांनी गाठीला बांधाव्यात. एक म्हणजे, जून २०१६ पासून जर्मनीत कायदेशीर राहणाऱ्या कोणालाही, बेघर असो की आश्रय मागणारा, मूलभूत खाते उघडून देणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि त्याचे शुल्क वाजवी असले पाहिजे. एका बड्या बँकेने या गरिबांच्या खात्याला महिन्याला ८.९९ युरो लावले होते. ३० जून २०२० रोजी तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ते अवाजवी ठरवले. दुसरी म्हणजे, युरोपातल्या दुसऱ्या देशातला खाते क्रमांक दिला म्हणून मालकाला किंवा घरमालकाला तो नाकारता येत नाही. जर्मनच खाते आण, असे सांगणारे भेटतात, पण कायदा तसे म्हणत नाही.

विद्यार्थी म्हणून जाणाऱ्यांचे निराळे. त्यांना निर्वाहाचे पैसे आधीच एका गोठवलेल्या खात्यात ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२ सुटतात. ते खाते उघडून देणाऱ्या कंपन्यांची फी वेगवेगळी असते. बाप इकडे भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढतो आणि घाईत पहिल्या एजंटने सांगितलेल्या कंपनीला देतो. निदान दोन ठिकाणी विचारा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. भाचीने दुसऱ्या बँकेची चौकशी करताना एक नाव सांगितले, स्पार्डा. मी सहज अर्थ विचारला. तो कळल्यावर मी खुर्चीत सरळ बसलो. 'बचत आणि कर्ज संस्था' याचा तो जर्मन लघुशब्द, आणि ती रेल्वे कामगारांनी काढलेली सहकारी संस्था! पहिली १८९६ साली, कार्ल्सरूहला, म्हणजे भाचीच्याच राज्यात. आणि पोस्टाच्या लोकांची त्याहून जुनी. हाइनरिश फोन श्टेफान, ज्यांच्या पुढाकाराने १८७४ साली जागतिक टपाल संघ उभा राहिला, त्यांनीच १८७२ मध्ये पोस्ट कर्मचाऱ्यांच्या बचत आणि उचल संस्था सुरू करून दिल्या. सावकाराच्या दारात उभे राहावे लागू नये म्हणून. आपल्या सोसायट्या ज्या गरजेतून जन्माला आल्या तीच गरज, तीच माणसे, फक्त गाव वेगळे.

या संस्था पुढे सर्वांना खुल्या झाल्या, बँका झाल्या. स्पार्डाचे फुकटचे पगारखाते ही तिची ओळख होती. गेल्या दहाएक वर्षांत त्यांतल्या अनेकांनी ती सोडली आणि शुल्क लावले.

पोस्टाचे तर त्याहून वाईट झाले. जर्मन टपाल खाते १९८९ च्या कायद्याने तीन तुकड्यांत विभागले गेले: टपाल, दूरसंचार आणि पोस्टबँक. १९९५ साली तिघांच्या कंपन्या झाल्या. २००४ साली पोस्टबँकेचे समभाग बाजारात आले. २०१० अखेर एका बड्या खाजगी बँकेचा, डॉइचे बँकेचा, तिच्यावर बहुमताचा ताबा आला आणि पुढे ती त्या बँकेत विरघळली. नव्या आर्थिक धोरणाच्या विरोधात आपण द्वारसभा घेत होतो त्याच वर्षांतली ही कहाणी आहे. खाजगीकरण झाले की पुढे काय, याचे उत्तर तेव्हा भाषणात द्यावे लागे. आता ते भाचीच्या खात्याच्या उताऱ्यावर वाचता येते. महिन्याला हजार युरो जमा होणाऱ्या खात्याला पोस्टबँकेत शुल्क नव्हते. नोव्हेंबर २०१६ पासून त्याच साध्या खात्याला महिना ३.९० युरो लागले. माफी कोणाला? महिन्याला तीन हजार युरो जमा होणाऱ्या वरच्या दर्जाच्या खात्याला! ज्याच्याकडे जास्त त्याला फुकट, आणि ज्याच्याकडे कमी त्याने भरायचे.

बँकांचे म्हणणे मी ऐकून घेतले आहे. युरोपच्या मध्यवर्ती बँकेने जून २०१४ मध्ये ठेवीवरचा दर उणे केला, बँकांना स्वतःचा पैसा ठेवायलाच खर्च येऊ लागला, मग खातेदाराला फुकट कसे वागवणार? यात तथ्य आहे. शाखा चालवायला माणसे लागतात, त्यांना पगार लागतो, आणि तो मिळालाच पाहिजे असे म्हणणारे आपणच. पण जुलै २०२२ मध्ये दर उणेतून बाहेर आले आणि चढत गेले. त्या वेळी शुल्क त्याच वेगाने उतरले का? नाही. आणि ज्या शाखांच्या खर्चासाठी ते घ्यायचे त्या शाखांचे काय? पोस्टबँकेच्या साडेपाचशे शाखांपैकी अडीचशेपर्यंत बंद करण्याचे २०२३ साली जाहीर झाले. त्याच वर्षी खात्यांची संगणकीय हलवाहलव अशी झाली की लोकांना आपल्याच पैशाला हात लावता येईना, आणि सरकारी नियामकाला बँकेवर देखरेखीसाठी माणूस बसवावा लागला.

पण मला सर्वात महत्त्वाची वाटते ती एक कोर्टकेस. शुल्क वाढवायचे झाले की जर्मन बँका दोन महिने आधी पत्र पाठवत. तुम्ही हरकत घेतली नाही तर तुमची संमती गृहीत. बहुतेक बँकांच्या नियमांत हेच कलम होते. पत्र बारीक अक्षरात, वीस-पंचवीस पानांचे. कोण वाचतो? ग्राहक संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाने या कलमाविरुद्ध पोस्टबँकेला कोर्टात खेचले. २७ एप्रिल २०२१ रोजी कार्ल्सरूहच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की गप्प बसणे म्हणजे संमती नव्हे, ते कलम रद्द. त्या कलमाच्या आधारे घेतलेले शुल्क परत मागण्याची वाट खुली झाली. मग बँका म्हणू लागल्या की तीन वर्षे तक्रार न करता भरलेत, आता मागू नका. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाने तेही फेटाळले. दुसरी बाजूही सांगतो. आता बँका स्पष्ट संमती मागतात, आणि न देणाऱ्याला खाते बंद करण्याची नोटीस दिल्याचे प्रकार घडले आहेत. लढाई संपलेली नाही. पण मध्यरात्री परस्पर हात घालणे बंद झाले.

हा निकाल एकेकट्या खातेदाराने मिळवलेला नाही, ही गोष्ट मला आमच्या काही साथींना सांगायची आहे. मागच्या शाखासभेत मी हा विषय काढला तेव्हा एक जुना मित्र म्हणाला, "बँक महाग वाटली तर बदलावी, त्यात युनियनचे काय?" भाचीने बँक बदलली. तिला जमले, कारण ती तरुण आहे, पगार नियमित आहे, आणि तिकडे २०१६ पासून खाते हलवताना जुन्या-नव्या दोन्ही बँकांनी मदत करण्याची सक्ती आहे. पण तिच्या वॉर्डातल्या सत्तरीच्या रुग्णाला मोबाइलवरचे खाते जमत नाही. तो काउंटरवरच जाणार आणि प्रत्येक कागदी फॉर्मचे पैसे भरणार. तुलना करून निसटता येते ते धडधाकटांना. मागे राहतो त्याच्याकडून सगळ्यांचे वसूल होते.

इकडे आपले काय? एप्रिल २०१७ मध्ये स्टेट बँकेने किमान शिल्लक नसल्याचा दंड पुन्हा सुरू केला आणि नोव्हेंबरपर्यंतच्या आठ महिन्यांत त्यातून १,७७१ कोटी रुपये गोळा झाले. मार्च २०२० मध्ये तो रद्द झाला. बाकीच्या सरकारी बँका घेत राहिल्या. २०२३-२४ पर्यंतच्या पाच वर्षांत सरकारी बँकांनी या एका दंडापोटी सुमारे ८,५०० कोटी घेतल्याची माहिती जुलै २०२४ मध्ये लोकसभेत दिली गेली. त्यानंतर २०२५ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात कॅनरा, पंजाब नॅशनल, इंडियन बँक, बँक ऑफ बडोदा यांनी साध्या बचत खात्यांवरचा हा दंड सोडला. शिल्लक कोणाकडे नसते? ज्याच्याकडे पैसे नसतात त्याच्याकडे. तीन हजार युरोवाल्याला माफी देणारे तर्कशास्त्र तेच आहे, फक्त रुपयात.

"आमचे पगारखाते आहे, आम्हाला कुठे दंड?" असे म्हणणाऱ्यांनी निवृत्तीनंतरचा उतारा पाहावा. पगार येणे थांबले की बऱ्याच बँकांत ते खाते साधे होते आणि साध्याचे नियम लागतात. एटीएममधून फुकटच्या मर्यादेपलीकडे काढले तर १ मे २०२५ पासून दर वेळी २३ रुपयांपर्यंत. संदेशाचे शुल्क, कार्डाचे वार्षिक शुल्क, त्यावर जीएसटी. एकेक रक्कम चहाच्या किमतीची, म्हणून कुणी बोलत नाही. उलट पोस्टाच्या बचत खात्यात किमान शिल्लक ५०० रुपये, आणि आर्थिक वर्षाअखेर ती नसली तर वर्षाला ५० रुपये कापतात. तक्ता एवढाच. तो समजायला भाची लागत नाही.

मुलगा किंवा मुलगी परदेशी गेली की इकडच्या खात्याचेही पाहावे लागते. अनिवासी झालेल्या माणसाला जुने साधे बचत खाते तसेच चालवता येत नाही, ते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. त्या खात्याची किमान शिल्लक आणि शुल्के वेगळी असतात, व्याजावर तीस टक्क्यांच्या वर करकपात होते. आणि घरी पैसे पाठवताना 'शुल्क शून्य' अशी पाटी दिसली तर त्या दिवसाचा विनिमय दर विचारा. कमाई तिथे लपलेली असते.

माझे म्हणणे थोडक्यात मागणीपत्रात बसणारे आहे. एका नमुन्याचा, एका पानाचा शुल्कतक्ता प्रत्येक बँकेने मराठीत आणि त्या त्या राज्याच्या भाषेत द्यावा. वर्षाअखेर कापलेल्या शुल्काची एकत्र बेरीज पासबुकात छापावी. आणि शुल्क वाढवायचे तर खातेदाराचा होकार घ्यावा, त्याचे मौन नव्हे. यासाठी बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांशी आपल्या महासंघाने बोलावे. काउंटरवरचा क्लार्क हा शुल्क ठरवत नाही, शिव्या मात्र तोच खातो.

आणि आपल्या सोसायट्यांकडेही बघावे. कडू आहे, पण लिहितो. आमच्या वार्षिक सभेला माणसे भेटवस्तू वाटपाच्या वेळी येतात. गेल्या वर्षी स्टीलचा डबा होता. डबा मिळाला की सभागृह रिकामे, आणि ताळेबंद चाळीस जणांत मंजूर. मीही एकदा डबा घेऊन घरी आलो आहे. जर्मन रेल्वेवाल्यांची संस्था बदलत गेली तेव्हा सभेत कितीजण बसले होते हे मला कुणी सांगितले तर ऐकायला आवडेल.

इटारसीपुरते ठरवले आहे ते असे. पेन्शन जमा झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता युनियन ऑफिसात बसायचे. प्रत्येकाने गेल्या बारा महिन्यांचा खात्याचा उतारा आणायचा. सौभाग्यवती तांबड्या पेन्सिलीने कपाती खुणावणार आहे, बेरीज मी करीन. चष्मा विसरू नका, अक्षर बारीक असते.